सात चौकोन आणि एक रेघ

— नाही नाही, तुम्ही आधी ती किल्ली काढा कुलपातून. काढा म्हणते ना. हां. आता जरा बाजूला व्हा, मला इथे उभं राहू द्या — अशी, दाराला पाठ लावून. म्हणजे मला हलवल्याशिवाय तुम्हाला आत जाता यायचं नाही. राग मानू नका दादा, तुमचं माझं काही वैर नाही. चार जिने उतरून धावत आलेय, धाप लागलीय बघा, या वयात शोभत नाही — लिफ्टमध्ये स्ट्रेचर होतं, नाहीतर आले नसते अशी. कागद दाखवा तुमचा. दाखवा हो, खात नाही मी तो. 'तळघर, खोली तीन, जुना सर्व्हर, आज अकरापर्यंत कायमचा बंद करणे.' खाली पाच सह्या. आणि आता वाजलेत — ते भिंतीवरचं घड्याळ चालतं ना? — दहा अडतीस. म्हणजे बावीस मिनिटं आहेत आपल्याकडे. पुष्कळ झाली. तुम्ही फक्त — थांबा, मला बोलू द्या. तुमचं मग ऐकते.

मी कोण? मी या इस्पितळाची आर्किटेक्ट. हसलात ना? सगळेच हसतात. लग्नाला गेले की कोणीतरी कोपऱ्यात गाठून विचारतं, आमच्या घराला जिना कुठून काढू. अहो, मी भिंती नाही बांधत. या इस्पितळात दोनशे दहा यंत्रं एकमेकांशी बोलतात — कुठलं कोणाशी बोलतं, कुठला विभाग कशावर चालतो, एक बंद पडलं तर कोण कोण आडवं होतं, त्याची चित्रं काढते मी. चौकोन आणि रेघा. चौकोन म्हणजे यंत्र, रेघ म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी माहिती. बस, अकरा वर्षं एवढंच. आणि खरं चित्र एकच आहे, माझ्या खोलीच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत — पण ते कोणाला दाखवायचं नसतं. ज्याला जेवढं झेपतं तेवढंच वाढायचं. सिस्टर लोकांना एका पेशंटची गोष्ट सांगायची — दारातून आला, नंबर मिळाला, रक्त घेतलं, खाटेवर गेला, औषध मिळालं. तुमच्यासारख्यांना तारा आणि आकडे. खर्च बघणाऱ्या साहेबांना कशावर किती जातात ते. आणि संचालक मंडळाला एक पान, सात चौकोन. सातच. आठवा दिसला की त्यांना चहा लागतो. आमचे हे म्हणतात, एकच गोष्ट तू चार जणांना चार तऱ्हांनी सांगतेस, आमच्या ऑफिसात त्याला चहाडी म्हणतात. म्हणू देत. कामच ते आहे माझं — खोटं न बोलता कमी सांगायचं.

हो हो, माहीत आहे मला मागे काय आहे, अंगठा कशाला दाखवताय? तेच तर सांगतेय. आत डाव्या हाताला जे राखाडी कपाट आहे ना, पत्र्याच्या दाराचं, ते आजोबा. आम्ही आजोबाच म्हणतो त्याला. एकोणीस वर्षांचं यंत्र. नदीपलीकडचं छोटं इस्पितळ आपल्यात आलं, त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हा त्याच्याबरोबर हे आलं. त्या लोकांचे पेशंट-नंबर सहा आकडी, आपले आठ आकडी. कुठला सहा आकडी म्हणजे कुठला आठ आकडी, हे फक्त आजोबांना ठाऊक. वरच्या मजल्यावर सिस्टर औषध द्यायच्या आधी स्क्रीन बघते — या माणसाला कुठलं औषध मानवत नाही का? पेशंट जुना असला तर तो प्रश्न इथे खाली येतो, आजोबा नंबर जुळवतात, उत्तर वर जातं. लाल अक्षरांत. आणि आजोबा बंद असले तर? तुम्ही तंत्रज्ञ आहात, तुम्हाला वाटेल स्क्रीनवर 'संपर्क नाही' असं काहीतरी येईल, भोंगा वाजेल. नाही येत. काहीच येत नाही. तो रकाना रिकामा राहतो. आणि रिकामा रकाना म्हणजे काय, ते सिस्टर लोकांना मी शिकवलंय — मी, या तोंडाने — लाल अक्षरं नसली की निर्धास्त द्या, कागदाची फाइल उघडत बसू नका.

आता कळलं का धावत का आले? माझी नणंद चौथ्या मजल्यावर सिस्टर आहे. थोरली. सकाळी फोनवर सहज म्हणाली, एकोणीस नंबरच्या खाटेवर एक सुतार आलाय, हाताची जखम चिघळलेली, अंगात ताप, सिस्टरलाच आई म्हणतोय. नदीपलीकडचा. मी वर बसून उगाच त्याचं नाव शोधलं — सवय हो, दुसरं काय — तर सहा आकडी नंबर, आणि पुढे लाल अक्षरांत पेनिसिलिन. दहा वर्षांपूर्वी घसा सुजून मरता मरता वाचलाय. तो आज स्वतःचं नाव सांगू शकत नाही, हे काय सांगणार? औषधांची फेरी अकराला. आणि साडेदहाला माझ्या टेबलावर सूचना येते की तळघरातलं एक विनावापर यंत्र आज बंद. मला वाटत होतं पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यापर्यंत मी काहीतरी केलं असतं. नक्की केलं असतं.

विनावापर कोणी ठरवलं? मंडळाने. कशावरून? माझ्या चित्रावरून. म्हणजे — चित्रात ते सातवा चौकोन होते. खाली, उजव्या कोपऱ्यात. चौकोन होता, पण त्याच्यापासून वर जाणारी रेघ नव्हती. आता रेघ नाही म्हणजे कोणाशी संबंध नाही, कोणाशी संबंध नाही तर खोली कशाला अडवायची, गारवा कशाला पुरवायचा — खर्चवाल्या साहेबांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. ती रेघ छपाईत गेली असणार. बारीक रेघा जातात कधीकधी, फिकट असल्या की.

असं बघू नका माझ्याकडे. बरं, छपाईत नाही गेली. मला सांगण्यात आलं होतं. म्हणजे असं स्पष्ट नाही, पण अध्यक्षबाईंना आडव्यातिडव्या रेघा आवडत नाहीत, हे सगळ्या इस्पितळाला माहीत आहे. ती रेघ खालच्या कोपऱ्यातून निघून वरच्या डाव्या कोपऱ्यात जायची, वाटेत बाकीच्या सगळ्या रेघा कापत. कितीही वळवली तरी कापायचीच. आणि त्याच्या आधीच्या बैठकीत काय झालं होतं, ऐका. मी चित्र वाटलं, अध्यक्षबाईंनी ते हातात घेतलं, उलटं धरलं, परत सुलटं धरलं आणि म्हणाल्या, "यात वर कुठला भाग?" सगळे हसले. चहा देणारा हसला. अकरा वर्षांचं काम, दादा — तोंडात मारल्यासारखी उभी होते मी तिथे. घरी गेले तर जेवण गेलं नाही.

थांबा, झालंच. मला बोलू द्या एवढं. तुमच्या कागदाच्या मागे लिहिते, चालेल? बघा — हा गोल, हे तुमच्या मागचं — माझ्या मागचं कपाट. हा दुसरा गोल, हा खाटेवरचा माणूस. ही मध्ये रेघ. तुम्ही प्लग काढलात की ही रेघ तुटते. कळलं? एका झटक्यात कळलं ना? मान हलवलीत. अकरा वर्षांत इतकं सोपं चित्र मी काढलं नाही. दोन गोल, एक रेघ. हे मंडळाला दाखवायला काय धाड भरली होती मला?

धाड नव्हती भरली. सांगते. कोणी सांगितलं नव्हतं मला ती रेघ पुसायला. कोणीही नाही. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी एकटी खोलीत बसले होते, पान समोर, आणि ती एक रेघ सोडली तर काय देखणं दिसत होतं हो. पुसून बघितली. नुसती बघण्यासाठी. आणि मग परत काढली नाही. म्हटलं, तोंडाने सांगू. चित्र सुंदर, बाकी तोंडाने. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला कळत नाही का? चांगलं कळतं. पण दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंनी पान हातात घेतलं, सुलटं धरलं, आणि म्हणाल्या, "अखेर मला कळलं की आपलं इस्पितळ चालतं कसं." टाळ्या वाजल्या. मग त्यांनी त्या कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं आणि मला विचारलं — मला, नाव घेऊन — "हे कोणी वापरतं का?"

आणि मी म्हटलं, "फारसं नाही."

फारसं नाही. दोन शब्द. खोटंसुद्धा नाही हो ते — दिवसाला सात-आठ पेशंट, दोनशे दहा यंत्रांत फारसं नाहीच ते. पुढे ठराव आला, हात वर झाले, आणि मी मूग गिळून बसले. टाळ्या अजून कानात होत्या. पुढच्या महिन्यापासून मी विभागप्रमुख आहे, ठाऊक आहे? त्याच पानामुळे. चित्र चौकटीत लावलंय अध्यक्षबाईंच्या खोलीत.

तुम्हाला वाटेल, वर नणंदेला नुसता फोन केला असता तर धावायची गरज नव्हती. हा काय, हा भिंतीवर फोन आहे, माझ्या खोलीतही आहे. केला असता. पण ती विचारणार — का गं, स्क्रीनवर विश्वास का नको? तूच तर शिकवलंस. तिला काय सांगू? ती मला वीस वर्षं ओळखते, तिला कमी सांगून चालत नाही. म्हटलं, त्यापेक्षा खाली जावं, अनोळखी माणसाला थांबवावं, आजोबा चालू राहतील, कोणाला काही कळायचंच नाही. आणि आता तुम्हाला सगळं सांगून बसले. बरं झालं. हलकं वाटतंय.

तर आता असं. तुमच्या कागदावर खाली 'काम थांबवण्याचं कारण' असा रकाना आहे, त्याखाली सहीची जागा. मी 'तांत्रिक अडचण' लिहिणार होते, खरं सांगते. पण तसं लिहिलं तर उद्या दुसऱ्याला पाठवतील. तेव्हा लिहिते: 'हे यंत्र वापरात आहे. मंडळाला दाखवलेल्या चित्रातून रेघ मी जाणूनबुजून पुसली होती.' माझं नाव. सही. वेळ — दहा चौपन्न. जाईल विभागप्रमुखपद, जाऊ दे. नोकरीही जाईल कदाचित. घ्या. घ्या ना, हात का मागे घेताय? बोला आता, मघापासून काहीतरी बोलायचं होतं ना तुम्हाला, मीच बोलू दिलं नाही. बोला.

काय?

लावत होतात? कुलूप लावत होतात — उघडत नव्हतात?

यंत्र बंद केलंत कधी? सव्वादहाला. अकरापर्यंत म्हणजे आधी केलं तरी चालतं. हो. चालतं. म्हणजे मी आले तेव्हाच... आणि मी इथे सोळा मिनिटं — सरका. सरका, तो फोन द्या. चार-शून्य-दोन. उचल, उचल, उचल गं बाई. हॅलो? ताई, मी. औषधं निघाली का? लवकर का निघाली आज! कुठवर पोचली? सतरा. ताई, एकोणीसला थांबव, त्या सुताराला. त्याच्या स्क्रीनवर काय दिसतंय? रिकामं. ताई, रिकामं म्हणजे 'नाही' नव्हे. आज नव्हे. पेनिसिलिन मानवत नाही त्याला, मरेल तो. का म्हणजे? का ते — सांगते. माझ्यामुळे. रेघ होती, मी पुसली. पळ तू. ताई, पळ!

फोन तसाच टाकून गेली ती. चपलांचा आवाज येतोय. तुम्ही काय बघत उभे राहिलात? किल्ली घ्या, उघडा ते दार, मी सरकले. प्लग लावा, जे लागतं ते लावा, सही मी करते. किती वेळ लागेल ते सांगू नका मला. चाकांचा आवाज आहे — ट्रॉली थांबली की चालू आहे, कळत नाही. त्या किल्ल्या वाजवू नका हो. गप्प राहा जरा. एक शब्द बोलू नका.

मला ऐकू द्या.