‘टेक अ सीट’ला लाटवियन शब्द

हसू नका, पण लाटवियात मेडिकलच्या दुसऱ्या वर्षी मी जवळपास नापास झाल्ते. तोंडी परीक्षा तिथल्या भाषेत, समोर खरी पेशंट आजी. तिला बसवायचं म्हणून मी मनात इंग्रजी ‘टेक अ सीट’ जुळवलं. आता एका ‘टेक’ला लाटवियनमध्ये गोळी घ्यायला वेगळा शब्द, फोटो काढायला वेगळा, वस्तू उचलायला वेगळा. घाबरून मी उचलण्याचाच वापरला, “न्येमिएत क्रॅसलू!” म्हणजे, खुर्ची उचला!

आजीनं निमूट खुर्ची उचलली अन् विचारलं, “कुठं नेऊ?”

परीक्षक बाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. पास केलं बिचारीनं.

बदनापूरला आईला फोनवर सांगितलं, तर म्हणते, “आपण पाहुण्याला नुसतं ‘बसा’ म्हणतो ना? मंग मधी इंग्रजी कशाला घातली?”