आशूचं आळं

सुमित्राबाई : सून हाये का कोण हाये वो वच्छला! तोंडातून एक शब्द नाई काढला. पोरगं कडेवर घेतलं, पिशवी उचलली अन् नाचणगावले मायच्या घरी चालली गेली. आज बारा दिवस झाले. सासूले एक फोन नाई!

वच्छलाबाई : तुमी केला काय?

सुमित्राबाई : मी काऊन करू? मी सासू हावो तिची.

वच्छलाबाई : बरं बाई. मी आपली विरजण मांगाले आलती. अन् आंगणात ह्या काट्या कायच्या रोवल्या?

सुमित्राबाई : बकरी शिरते.

वच्छलाबाई : कोणाची बकरी? गल्लीत एकबी बकरी नाई राह्यली आता. पाहू तर... अवो माय! एका आळ्यात एवढी भेंडी? कोण्या येड्यानं पेरली?

सुमित्राबाई : तोंड सांभाळ. आशूनं पेरली.

वच्छलाबाई : दीड वर्साच्या पोरानं?

सुमित्राबाई : मंग! पंधरा बिया भिजू घातल्या होत्या. ती गेली त्याच दिवशी सकाळी मी बोटानं भोक पाडलं, बी त्याच्या मुठीत देल्लं. म्हटलं, दोनच टाक बाबू. त्यानं पुरी मूठ त्याच भोकात रिकामी केली. वरून माती थापटली अन् टाळ्या वाजवल्या.

वच्छलाबाई : मंग हसल्या असान तुमी.

सुमित्राबाई : विरजण किती पायजे तुले?

वच्छलाबाई : बाई, काय बोलल्या तुमी?

सुमित्राबाई : गेलं तोंडातून. म्हटलं, बापावर गेला. ह्याच्याबी हाताले बरकत नाई.

वच्छलाबाई : अन् पौर्णिमा?

सुमित्राबाई : तिथंच कपडे वाळू घालत होती.

वच्छलाबाई : रत्नदीपचं दुकान बंद पडून महिना नाई झाला, बाई!

सुमित्राबाई : मले काय मालूम नाई? माह्या पोटचा हाये तो.

वच्छलाबाई : बरं, हे तर विरळा. आठ दिवसांत नाई विरळलं तर एकबी झाड धड नाई होणार. कपाशी विरळताना आमच्यावर किती वरडत तुमी! एका जाग्यावर दुसरं झाड दिसलं का पदर खोचून मागं येत.

सुमित्राबाई : ते कपाशीचं होतं.

वच्छलाबाई : थांबा, मीच उपटून देतो.

सुमित्राबाई : हात लावून पाह्य! विरजण तर सोड, ह्या घरचं पाणीबी नाई भेटन तुले.

वच्छलाबाई : राह्यलं बाई. अन् हा पावडरचा डबा काऊन पडला इथं?

सुमित्राबाई : पडला नाई, ठेवला. आशूची झारी हाये ते. दोन्ही हातानं उपडा धरते. अर्धं पाणी झाडाले, अर्धं सोताच्या पोटावर. आता मीच घालतो त्या डब्यानं. तीस खेपा होतात.

वच्छलाबाई : घरात तांब्या नाई?

सुमित्राबाई : तांब्याची धार जोरात पडते. मुळं उघडी पडतात.

वच्छलाबाई : फोन लावतो मी तिले.

सुमित्राबाई : लावू नको. सांगून ठेवतो, मी बोलणार नाई... वाजून राह्यला काय?

(वच्छलाबाई फोन तिच्या हातात देते.)

पौर्णिमा : हां, बोला काकू.

सुमित्राबाई : मी हावो.

पौर्णिमा : आई? बरं आहे ना सगळं?

सुमित्राबाई : आशू जेवते काय?

पौर्णिमा : जेवतो. दिवसभर कुंड्यांतली माती उकरतो. काल सदाफुलीची रोपं उपटली सगळी. रागावलं तर टाळ्या वाजवतो.

सुमित्राबाई : रागावलं कोण त्याले?

पौर्णिमा : माझी आई. काही काम होतं का?

सुमित्राबाई : हो. तू न सांगता गेली, ते चुकलं तुह्यं. शंभर माणसांत सांगीन मी.

पौर्णिमा : हे सांगायला फोन केला?

सुमित्राबाई : फोन वच्छलानं केला. आता मधात बोलू नको. त्याच्या पंधराच्या पंधरा बिया उगवल्या. एक वाया नाई गेली.

पौर्णिमा : आई...

सुमित्राबाई : चौदा उपटा लागतात. माह्यानं नाई होत. त्यालेच घेऊन येजो, उपटाचं त्याले चांगलं जमते. अन् ऐक पौर्णिमा. त्याच्या हाताले बरकत हाये. ह्याच आंगणात उभी राहून सांगून राह्यली. वच्छलाबी ऐकून राह्यली.