मामींचा कोसुरू

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर इलंगोच्या दुकानात कॉम्प्युटरची मेमरी घ्यायला रांगेत उभा होतो. माझ्यापुढे भाजीची पिशवी घेतलेल्या एक मामी.

"इलंगो तंबी, मेमरीची पट्टी चार जीबी म्हणून दिलीस. कॉम्प्युटर सव्वातीनच दाखवत होता."

"पट्टी चारचीच आहे, मामी. तुमची सिस्टीम जुनी. तिला त्यापुढचं दिसतच नाही."

"हे तुला केव्हापासून माहीत?"

"अख्ख्या गल्लीला माहीत आहे."

"मला सोडून."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"माझी भाजीवाली न विचारता वर मूठभर कढीपत्ता घालते, कोसुरू म्हणून. तू उलट खालून कापतोस."

"कापलं कुठे? पाऊण आतच आहे. तोच कोसुरू समजा."

"कढीपत्ता सांबारात पडतो. तुझा पाऊण कशात घालू? ऐका हो मागचे, सिस्टीम जुनी असेल तर चारची पट्टी घेऊ नका. सव्वातीनच्या वर उपयोग नाही."

रांग खिदळली. मागचे दोघे चालते झाले.

"मामी, पोटावर पाय नका देऊ. हा बघा खडू, लिहितो पाटीवर."

"मोठ्या अक्षरात लिही. आणि वर टांग, पंख्याच्या मागे नको."

"टांगली. आता पट्टी बदलून देऊ?"

"कशाला? मुलीने काल कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम घातली. चारच्या चार दिसतात."

"मग इतका वेळ माझं डोकं का खाल्लंत?"

"ते मागच्यांसाठी. माझा कोसुरू."