सहावर ठेवलेला कॅमेरा

—म्हणजे कमीवर ठेवा असंच मला सांगण्यात आलं होतं, एवढं नक्की आठवतं—नक्की म्हणजे, थांबा, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, मी स्वतःही विसंबत नाही. पण तुम्ही आत्ता दुकानदारांना विचारलंत ना, बिटरेट कितीवर ठेवू म्हणून, आणि ते 'बघतो' म्हणून तुमची दुसरी बॅटरी शोधायला आत गेले, तेव्हा मला राहवलं नाही. त्यांना वेळ लागेल. ते हाताला येईल तो प्रत्येक खोका उघडून बघतात. बसा ना, हे स्टूल गिऱ्हाइकांसाठीच आहे. मी? मीही गिऱ्हाईकच, तसा—दर मंगळवारी येतो. विकत काही घेत नाही, पण येतो.

तुम्हाला काय टिपायचंय? पोहण्याची शर्यत? कोणाची—आईंची? अहो वा! वय काय त्यांचं? त्रेसष्ट! आणि तुम्ही बिटरेट कमी ठेवायच्या विचारात आहात? पाणी आहे ते, गृहस्था! पाण्याचा थेंबन् थेंब हलतो. हे मी ऐकीव सांगत नाही, मी यात पोळलोय. साधी गोष्ट आहे—कॅमेरा दर सेकंदाला किती माहिती कार्डावर लिहिणार, तो आकडा म्हणजे बिटरेट. समोरचं माणूस पुतळ्यासारखं बसलं असेल तर थोडक्यात भागतं. हललं की लिहायचं वाढतं, आणि तुम्ही हात आखडता घेतला असेल तर कॅमेरा बिचारा काय करतो? चौकोन काढतो. नाकाच्या जागी एक चौकोन, गालाच्या जागी एक. लांबून बरं दिसतं. जवळून बघवत नाही.

मी नाच टिपला होता. माझा नाही हो—हसा, हसा, माझे मेहुणेही असेच हसतात—आमच्या हिचा. म्हणजे हिच्या मुलींचा. ही चाळीस वर्षं नाच शिकवायची, एकाच खोलीत, तीच फरशी, तोच भिंतभर आरसा, कोपऱ्यात तडा गेलेला. ती खोली सोडायची वेळ आली, गुडघेही बोलायला लागले होते, तेव्हा तिने शेवटचा कार्यक्रम ठरवला. सव्वा तासाचा. त्यानंतर शिकवणं बंद. म्हणजे पुन्हा टिपू, असं म्हणायची सोय नव्हती. आणि हे काम माझ्याकडे कसं आलं? मी मागून घेतलं. बाहेरचा माणूस कशाला, मी आहे ना—चौतीस वर्षं गणित शिकवलेला, डॉक्टरेट मिळवलेला माणूस. प्रबंधाचा विषय सांगू? नको—सांगतोच. मोजमापातल्या चुका.

तर मी कॅमेरा घेतला, याच दुकानातून, याच काचेवर ठेवून. त्यात बिटरेटचे पाच आकडे होते: शंभर, पन्नास, पंचवीस, बारा, सहा. कार्ड चौसष्ट जीबीचं. रात्रभर—नाही, रात्रभर नाही, उगाच वाढवून सांगतोय, दुपारी जेवून बसलो आणि कागदावर मांडलं. चौसष्ट हजार भागिले शंभर, सहाशे चाळीस सेकंद. म्हणजे दहा मिनिटं चाळीस सेकंद! पहिल्याच नाचात कार्ड भरणार, आणि पुढचा तासभर मी नुसता कॅमेरा डोळ्याला लावून उभा राहणार. मग उलटं गणित केलं, सव्वा तासाला किती परवडेल. चौदाच्या आसपास आलं. म्हणजे बारा चाललं असतं. पण माझा स्वभाव—घरातून निघालो की कुलूप तीनदा ओढून बघतो मी—मी म्हटलं, जरा हात राखून. सहा.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आलं नाही? बरं वाटलं, मलाही नव्हतं आलं. कार्डावरचा आकडा असतो बाइटचा, आणि कॅमेरा बोलतो बिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. आठने गुणायचं राहिलं! अकरावीच्या पोराने असा घोळ घातला असता तर मी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. शंभरवर ठेवूनसुद्धा पंच्याऐंशी मिनिटं मावली असती. आणि गंमत सांगू? गंमत कसली—पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते लिहिलेलंच होतं. पंच्याऐंशी मिनिटं शिल्लक. मी वाचलं. वाचून मी काय म्हणालो असेन? म्हणालो, हे यंत्र अंदाजपंचे सांगतंय.

पुढचं काय सांगायचं. पंधरा दिवसांनी आमच्या घरी सगळे जमले—मुली, त्यांच्या आया, मेहुणे, मेहुण्यांचं ते खाकरणं—मी दिवे मालवले, टीव्ही लावला. पहिली मुलगी आली, उभी राहिली, झकास, कानातल्याचे खडे मोजून घ्या. मग तिने गिरकी घेतली आणि तिच्या विटा झाल्या. निळ्या, लाल, पिवळ्या विटा. ती थांबली की मुलगी, फिरली की विटा. आठ जणी एकदम आल्या तेव्हा तर काही विचारू नका. तेवढ्यात मेहुणे म्हणाले, "जावईबापू, नाच टिपलात की बांधकाम?"

सगळे हसले. मुलीसुद्धा, तोंडावर हात धरून. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "त्यांना काय बोलता? मीच म्हटलं होतं, कमीवर ठेवा, जागा संपेल." सरळ, स्वच्छ आवाजात. तिचीच चाळीस वर्षं होती ती, तेव्हा पुढे कोण बोलणार? मेहुणे गप्प झाले. मीही गप्प बसलो. नाही—आता तुमच्यापाशी काय लपवायचं, उद्या तुम्ही मला ओळखणारही नाही—गप्प नाही बसलो. मी म्हणालो, "मी सांगत होतो हिला."

तसं पाहू नका. मला खरंच तसं वाटलं. म्हणजे त्या घटकेला नसेल वाटलं, पण मग मी ते पाहुण्यांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं, की तुझ्या आईने ऐन वेळी घोळ घातला, आणि सांगता सांगता मला तिचा आवाजच आठवायला लागला—'अहो, कमीवर ठेवा.' ती समोर बसलेली असायची. भाजी निवडत. एकदाही 'नाही' म्हणाली नाही. एकदा फक्त म्हणाली, "पुरे झालं की आता." मला वाटलं, खजील झाली.

दर मंगळवारी या दुकानदारांना विचारतो, विटा काढता येतील का. ते म्हणतात, काका, जे लिहिलंच नाही ते काढणार कुठून? बरोबर आहे त्यांचं. पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारतो.

आले वाटतं—नाही, दुसरा खोका उघडतायत. मग ऐका. ही गेली त्याला आता दोन वर्षं होतील. या पावसाळ्याआधी तिचा शिवणाचा डबा आवरायला काढला. बटणांच्या खाली ते कार्ड. मी समजत होतो हरवलं. त्यात ती सव्वा तासाची फाइल होतीच, पण आधी आणखी एक होती, एक्केचाळीस सेकंदांची. मी चाचणी घ्यायला गेलो होतो, साफ विसरलो होतो. शंभरवर! कॅमेरा सुरू झालाय हेच मला कळलेलं नव्हतं, त्यामुळे सगळा वेळ नुसती फरशी दिसते. माझे बूट. आणि हिचे पाय—अनवाणी, चालत येतात, माझ्यापाशी थांबतात, डाव्या अंगठ्याचं नख तुटलेलं, आणि बोलता बोलता ती टाचेने ताल धरते, सवयच ती. टाच उचलली, टेकली, उचलली. एक चौकोन नाही हो. एकही नाही.

हं, आली तुमची बॅटरी. माझं काही नाही, मी नुसताच बसलोय. उठा तुम्ही, आई पाण्याकाठी वाट बघत असतील. आणि तो कोपऱ्यातला आकडा वाचा, तो खोटं बोलत नाही. जा.

शंभर? हो, शंभरच. तीही तेच म्हणाली होती. ते एक्केचाळीस सेकंद मी पुनःपुन्हा लावून ऐकलेत, आता शंका नाही—"अहो, मोठ्यावरच ठेवा ना. संपली जागा तर संपली, उरलेलं डोळ्यांनी बघा." आणि त्यावर माझा आवाज आहे, "तू यात पडू नकोस."