शंका घेणारी बाई

हॅलो?… हां वच्छला, बोल. मीच लावणार होते तुला… हळू बोलतेय, व्हय. प्रयोगशाळेत उभी हाय, दार लोटून. नानासाहेब आलेत शाळेत… अगं आमच्या संस्थेचे अध्यक्ष, दुसरे कोणते… बरं कुठलं काय. भ्याव वाटतंय मला. लई भ्याव वाटतंय.

ऐक ना… तुला म्हणलं नव्हतं का, चिकलठाण्याला शिबिर झालं आमचं, मुख्याध्यापक, पर्यवेक्षक सगळ्यांचं?… व्हय, तेच, स्वभावाचे प्रकार. कोण कशापायी काम करतं ते. आमचे मुख्याध्यापक, केरबा सर, ते निघाले 'पुढारी'. माझ्या जोडीची पर्यवेक्षिका साळूबाई 'मदतनीस', तिला कुणी बरं म्हणलं की झालं. अन् मी… हसू नको. मी 'शंका घेणारी'.

…अगं चांगलं असतं ते. शिबिरातल्या मॅडम म्हणल्या, हिला वाईट आधी दिसतं, ते घडू नये म्हणून ही राबते. अशी एक तरी बाई शाळेच्या टीममधे पाहिजेच म्हणल्या. टाळ्या वाजवायला लावल्या… व्हय, माझ्यासाठी.

मग काय… केरबा सरांनी आज कौतुकानं नानासाहेबांना सांगितलं, "आमच्या द्वारकाबाई शंका घेणाऱ्या हायेत." नानासाहेबांचा चेहराच उतरला. म्हणले, कुणावर?… तेच तर, त्यांना वाटलं त्यांच्यावरच. सर समजावत बसले, साहेब, हा स्वभावाचा प्रकार हाय. तर म्हणले, बोलवा बाईंना, काय प्रकार हाय तो मला बी कळू द्या.

…सांगितलं असतं गं, नुसता स्वभाव हाय म्हणून. पण वच्छला… मला खरंच शंका हाय. नव्या वर्गाच्या स्लॅबची. नानासाहेबांच्या मेहुण्यानं बांधलाय तो. खालचे टेकू लवकर काढले, मधोमध तडा गेलाय, वरून पाणी मारलं की ठिबकतं. अन् सोमवारपासून पाचवी तिथं बसवायची म्हणत्यात… सांगितलं ना सरांना. इंजिनिअरला दाखवू म्हणले. कुठं दाखवलं.

…हं… हं… म्हणजे मी बी मदतनीसच हाय म्हणू? कसलीच शंका नाय म्हणू?… तेच वदवून घ्यायला बोलावलंय मला… माहीत हाय गं. पर्यवेक्षिकेचं पद जाईल, लांबच्या शाखेत टाकतील. ह्यांची तब्येत अशी, सगळं कळतंय मला…

थांब. दार वाजलं.

व्हय सर, हितंच हाय… येते ना… काय म्हणू म्हणता?… नाय सर. तसं नाय म्हणता येणार मला… साहेबांवर नाय हो, स्लॅबवर हाय शंका. इंजिनिअर बघत नाय तवर पाचवी मी व्हरांड्यात बसवीन… व्हय. त्यांच्यासमोर बी हेच म्हणेन… व्हा तुम्ही पुढं, आलेच.

…वच्छला? हायेस का?… ऐकलंस?… धीर कसला गं, भिंत धरून उभी हाय. नानासाहेबांपेक्षा त्या तड्याचं भ्याव जास्त वाटतंय, एवढंच… नको, फोन चालू नको ठेवू. तुझं रडणं ऐकू येईल तिथं… जाते. आता जावंच लागंल.

…तू ठेव आधी. माझ्याच्यानं ठेववत नाय.