फ्लेक्सखालचा स्टॉप

पदवीचा शेवटचा पेपर देऊन करिश्मा शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांचं चाललं होतं.

"सोपानराव, नातू पदवीधर झाला म्हणं. चौकात फ्लेक्स बघितला."

"व्हय. काळा गाऊन, डोक्यावर टोपी. स्टुडिओत भाड्यानं मिळतंय समदं."

"आन् सुट्टीत काय करतोय?"

"घरात बसलाय."

"बसून काय अंडी घालणार हाय? कारेगावला कंपनीत भरती चाललीया."

"कंपनीची बस फ्लेक्सखालीच थांबती ना. वर गाऊन घालून हसतोय आन् खाली डबा घेऊन उभा. कसं दिसंल?"

"मंग काढा की फ्लेक्स."

"काढला तर लोक म्हणत्याल, नापास झाला."

"पास तर झालाय ना?"

"निकाल कुठं लागलाय अजून?"

करिश्माला हसू आवरेना. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"पोरी, फ्लेक्सवाल्याकडं बसलोय. फोटो हसरा टाकू का गंभीर?"

तिनं मागं एकदा बघितलं आणि आवाज बारीक केला.

"हसराच टाका, पप्पा. फकस्त कंपनीच्या स्टॉपपासनं जरा लांब लावा."