ठमाबाईच्या वाटणीचे अडीच लाख

मंडळी, एक सांगा — खीर शिजली सगळ्या वाडीच्या नावानं, अन् पानं भरली दोघांचीच! तिला प्रसाद म्हणायचं का? अं हं, माना हलवू नका, अजून गोष्ट ऐकलीत कुठं?

आपल्याच तालुक्यातली हो! वर डोंगरात जांभूळमाळ नावाची वाडी. तिथली ठमाबाई — साठी उलटलेली, हिरडा वेचून हाडाची काडं केलेली बाई. लेक-सून पोटासाठी परजिल्ह्यात वीटभट्टीवर. जवळ एक नात, सुगंधा. पोर हुशार! तालुक्याच्या वसतिगृहात राहून नववीत शिकायची. म्हातारीचा सगळा जीव त्या शाळेत अडकलेला.

अन् एका सोमवारी पोर पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन दारात उभी!

"काय गं, सुट्टी लागली का?"

"वसतिगृह बंद झालं, आजी. आपला जिल्हा श्रीमंत झालाय म्हणं. माणशी वर्षाला अडीच लाख मिळकत! मग फुकट वसतिगृह कशाला?"

अडीच लाख! ठमाबाई मटकन खालीच बसली. हसू नका! तिला ठाऊक ती तिच्या वाडीची रीत. वाघबारसेला जांभूळमाळात घरटी तांदूळ गोळा होतात, वाघोबापुढं खीर शिजते, अन् डोकी मोजून वाटतात. तान्ह्या पोराचा वाटा आईच्या पानात. गुरांमागं रानात गेलेल्याचा वाटा झाकून ठेवायचा — तो येईस्तोवर कुणी हात लावत नाही! मग माणशी अडीच लाख निघाले, तर आपलेही कुठंतरी झाकून ठेवलेले असणारच की!

दुसऱ्या दिवशी दोन कोस डोंगर उतरली, एसटी धरली, अन् तालुक्याच्या कचेरीत थेट साहेबापुढं! हातात कापडी पिशवी. पिशवी कशाला? अहो, पैसे न्यायला!

"सायेब, आमचा वाटा ऱ्हायलाय. माझा अन् नातीचा. सगळा नगं, पोरीच्या शाळेपुरता द्या."

साहेब आधी हसला. पण माणूस भला, समजावायला लागला. "आजी, ती सरासरी असते. खाली कारखानदारांची मिळकत कोटीत, तुमची हजारात. सगळी एकत्र करायची अन् माणसांत भागायची."

"मग भागली का?"

"भागली की!"

"कुठं?"

"कागदावर."

म्हातारीनं पिशवी उलटी करून दाखवली! "अरं देवा! कागदावर वाटलंत, अन् पानात वाढायचं इसरलात? आमच्यात वाघोबापुढं असं कुणी केलं तर त्याला वाडीत पाणी मिळत न्हाई रं, बाबा!"

साहेबानं एक कागद पुढं सरकवला. वरून आलेला हुकूम! म्हातारी रिकामी पिशवी काखेत मारून बाहेर आली.

मंडळी, ही गोष्ट मी पोथीत नाही वाचली! आज दुपारी हात धुवायला या मांडवामागं गेलो. तिथं तुमच्या महाप्रसादाची पातेली घासत बसलेली बाई — तीच ठमाबाई! पोरीची शाळा सुटू नये म्हणून इथं तालुक्याच्या गावात आलीय. बसस्टँडामागं पत्र्याच्या आडोशाला दोघी राहतात. दाराला कडी नाही हो! वयात आलेली पोर, म्हणून म्हातारी दाराला पाठ लावून झोपते. हे सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं.

अन् मांडवात येऊन बघतो तर काय — दोन पंगती! देणगीदारांना टेबलखुर्ची अन् बासुंदी, मागच्यांना पत्रावळ अन् आमटीभात! आता सरकारला काय बोलू मी? तुम्ही तर देवाच्या दारातच तसं वाढलंत!

मला कीर्तनाची बिदागी नको. त्या पोरीला दहावी होईस्तोवर एक खोली पाहिजे — कडी असलेली. या पुढच्या रांगेत ज्यांच्या माड्या रिकाम्या आहेत, त्यांनी हात वर करा!

का हो? मघाशी टाळ्या तर जोरात होत्या! बरं, मी थांबतो. मृदंगाचार्य, तुम्हीही थांबा. हात वर झाल्याशिवाय आज आरती नाही.